मठाचे बाड, पलटणीचा कागद

पाश्चात्य वाद्यवृंदात जो मनुष्य श्रोत्यांना कधी दिसत नाही, परंतु ज्याच्यावाचून एकही सूर उमटणे अशक्य, तो म्हणजे स्वरपत्रांच्या दप्तराचा कारभारी. चाळीस-पन्नास वादक मांडीला मांडी लावून बसले, तरी प्रत्येकापुढे केवळ त्याच्या वाद्याचा हिस्सा लिहिलेला कागद असतो, सबंध रचनेची एकत्रित प्रत एकट्या संचालकापुढे उघडलेली असते, आणि त्या पन्नासांपैकी शिंगाचा किंवा दुसऱ्या व्हायोलिनचा एखादा कागद गहाळ झाला की उत्तमोत्तम रचनाही त्या रात्रीपुरती लंगडी पडते. म्हणून नगरोनगरीच्या हौशी वाद्यवृंदांत हे दप्तर वाद्यांहून अधिक जपले जाते, आणि त्यातील जुन्या कागदांवर पूर्वीच्या वादकांनी शिसपेन्सिलीने केलेल्या खुणा नव्या वादकास गुरुस्थानी होतात.

असल्या दप्तराचा इतिहास जालना जिल्ह्यात शोधू म्हणणाऱ्यास लोक हसतील; कारण बियाणे, मोसंबी आणि लोखंडी सळया यांसाठी ज्याचे नाव बाजारात घेतले जाते त्या मुलखाचा स्वरलिपीशी काय संबंध, असा प्रश्न कोणासही पडावा. परंतु या जिल्ह्याच्या दक्षिणेस जांब आहे आणि उत्तरेस असई आहे. एका गावाने समूहाने गाण्याच्या कागदाची एक परंपरा महाराष्ट्रास दिली, आणि दुसऱ्या गावाच्या शिवारात अगदी निराळ्या जातीचे संगीत गोळ्यांच्या वर्षावात ऐकू आले. या दोन कागदांचा वृत्तांत एकत्र मांडून पाहिला, तर संगीत लिहून ठेवणे म्हणजे नेमके काय ठेवणे, याविषयी काही गोष्टी उमगतात.

जांब हे गाव घनसावंगी तालुक्यात. तेथील सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी शके 1530 मध्ये, म्हणजे इसवी सन 1608 साली, रामनवमीच्या दिवशी नारायणाचा जन्म झाला, आणि हाच नारायण पुढे समर्थ रामदास म्हणून प्रख्यात झाला, हे शाळकरी पोरासही ठाऊक आहे. ठोसरांचे घराणे कुलकर्णाचे वतन सांभाळणारे होते, याकडे मात्र चरित्रकारांचे लक्ष जावे तितके गेलेले नाही. जमाखर्चाची दप्तरे, सनदा, पाहणीचे कागद, बोरूची टोके आणि शाईचे बुधले यांच्या सहवासात ज्याचे बालपण गेले, त्या पुरुषाने पुढे दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास केवळ लेखनक्रियेस वाहावा, यात आश्चर्य ते कसले? मराठीतील दुसऱ्या कोणत्याही संतकवीने हा विषय इतक्या आस्थेने हाताळलेला आमच्या वाचनात नाही. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे. पहिले अक्षर जसे काढले तसेच ग्रंथ संपेपर्यंत चालावे, जणू सारे एकाच टाकाने लिहिले. पानाच्या चारही बाजूंस जागा सोडून मध्येच लिहावे, म्हणजे काळाच्या ओघात कागदाची कड झडली तरी अक्षराला धक्का लागत नाही. देशोदेशीचे बोरू, हिंगूळ, शाई, चाकू-कात्री यांचा संग्रह करावा. पुस्तके बांधण्यास गोफ आणि बासने, वर मेणकापड, आणि ठेवण्यास कुलपाच्या पेट्या असाव्यात, इतक्या बारकाव्यापर्यंत समर्थ उतरतात. ग्रंथपालाच्या पाठ्यपुस्तकात शोभावे असे हे प्रकरण एका संन्यस्त पुरुषाने ओवीत लिहिले आहे, आणि ते लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे राजाचा ग्रंथागार नव्हता, तर गावोगाव विखुरलेले आपले मठ होते.

त्या मठांमधून या उपदेशाचे जे फळ आले, ते म्हणजे बाड. वरच्या आखूड बाजूस शिवलेली आणि त्यामुळे पान खालून वर उलटावे लागणारी ही लांबट वही. कागद बहुधा जुन्नरी किंवा दौलताबादी, आणि दौलताबादनजीकचे कागजीपुरा तर जालन्याहून फारसे दूर नाही. काळ्या शाईत मजकूर, शीर्षके व विरामाचे दंड तांबडे, चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा थर. आत अभंग, पदे, आरत्या, भूपाळ्या, धावे, श्लोक, मध्येच एखादे औषधाचे टिपण किंवा उसनवारीचा हिशेब. पदाच्या माथ्यावर रागाचे नाव, तालाचे नाव, आणि पुष्कळदा नुसती चाल. म्हणजे हे पद अमुक प्रसिद्ध पदाप्रमाणे म्हणावे, एवढाच निर्देश, व त्या प्रसिद्ध पदाचे पहिले दोन-तीन शब्द. स्वर एकही नाही, मात्रा एकही नाही.

पाश्चात्य वाद्यवृंदाच्या कारभाऱ्याला हा कागद दाखवला तर तो म्हणेल की यात संगीत मुळी लिहिलेलेच नाही, आणि त्याच्या बाजूने तो खरे बोलेल. तथापि या कागदाच्या आधारे सायंप्रार्थनेपासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत शेदीडशे माणसांचा समुदाय एका सुरात गात असे. कीर्तनकार पद उचली, मृदंगी ठेका धरी, झांजकरी आणि टाळकरी ध्रुपद झेलीत, आणि मंडपातील बायाबापड्याही दुसऱ्या आवर्तनापासून त्यात मिळत. बाड एकाच्याच हाती असले तरी चाले, कारण उरलेल्यांचा हिस्सा त्यांच्या कानांत होता. जे कानांत आहे ते लिहून कागद कशाला नासावा, हा यामागचा हिशेब कुलकर्ण्याच्या दप्तरास साजेसाच होता. गणपतीपुढे घरोघर म्हटली जाणारी समर्थांची आरती आज कोट्यवधी लोक एकाच चालीत म्हणतात; त्यांतील किती जणांनी तिचे स्वरलेखन कधी पाहिले असेल?

हे झाले दक्षिणेकडचे. उत्तरेस केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असईचे शिवार आहे. तेथे 23 सप्टेंबर 1803 रोजी दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजांशी आर्थर वेलस्लीच्या सैन्याचा जो संग्राम झाला, त्याची लष्करी हकीकत येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. इंग्रजांकडील हताहतांचा आकडा दीड हजारावर गेला, एवढे सांगितले म्हणजे त्या दिवसाची कल्पना येते. आमच्या विषयाला लागून असलेली एक गोष्ट स्कॉटिश पलटणींच्या बखरकारांनी नोंदवून ठेवली आहे. लढाईत वाजंत्रीवाल्यांना हुकूम झाला की वाद्ये खाली ठेवावीत आणि जखमींना उचलून पिछाडीस शस्त्रवैद्यांकडे न्यावे. अठ्ठ्याहत्तराव्या हायलँडर पलटणीतील एका मशकवाल्याने, म्हणजे बॅगपाइप फुंकणाराने, हा हुकूम आपल्यालाही लागू आहे असे समजून मशक बाजूस ठेवली आणि तो जखमींच्या सेवेस लागला. पुढे त्याच्या सोबत्यांनी त्याचा छळ मांडला. बासरीवाले आणि सनईवाले मागे गेले तर जावोत, पण मशकवाल्याने, ज्याची जागा ऐन हातघाईत, त्या शिट्ट्या फुंकणारांच्या पंगतीस जाऊन बसावे, ही त्यांच्या मते कधी न ऐकलेली नामुष्की होती. बिचारा फार खजील झाला. मात्र 29 नोव्हेंबरला वऱ्हाडात अडगावच्या लढाईत त्याने अशा आवेशाने मशक फुंकली की शिपाई वेळेआधीच चालून जाऊ लागले आणि त्यांना आवरणे अधिकाऱ्यांना जड गेले.

या गमतीच्या गोष्टीत एक भेद दडलेला आहे. बासरी आणि सनई वाजवणारा तो बँड म्हणजे कागद वाचून वाजवणाऱ्यांचा वर्ग, आणि मशकवाला म्हणजे कानावर पोसलेला कलावंत. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात मशकेचे मोठे वादन शिष्याला शिकवायचे ते गुरूने तोंडाने बोल म्हणून. प्रत्येक स्वराला आणि प्रत्येक अलंकाराला ठरलेले अक्षर, आणि अक्षरांची ती माळ पाठ झाली की मग बोटे. आमच्या मृदंग्याला हे ऐकून क्षणभरही परकेपणा वाटणार नाही. या वाद्याची रीत युरोपीय स्वरलिपीत पहिल्यांदा पद्धतशीर मांडणारा ग्रंथ जोसेफ मॅक्डोनल्ड याने 1760 च्या सुमारास लिहिला; तो हिंदुस्थानात नोकरीस आला आणि येथेच तरुण वयात वारला. हस्तलिखित बंगाल्यात सापडून स्वदेशी परत गेले आणि त्याच्या भावाने ते छापले ते साल 1803, म्हणजे असईचेच. असईच्या रणांगणात जी मशक खाली ठेवली गेली, तिचे संगीतही त्या वर्षापर्यंत मुख्यत्वे जांबेच्या पदांप्रमाणे माणसांच्या कंठांतच वस्तीला होते.

असईनंतर इंग्रजी लष्कराचा पाय या मुलखातून निघाला नाही. कुंडलिकेच्या एका तीरावर कदीम जालना आणि दुसऱ्या तीरावर कादराबाद, आणि शहराबाहेर छावणी, अशी जालन्याची रचना एकोणिसाव्या शतकभर राहिली. छावणीत निजामाच्या खर्चाने पोसलेल्या हैदराबाद कंटिंजंटच्या पलटणी असत. पलटण म्हटली की बँड आला आणि बँड म्हटला की कागद आला. त्या काळच्या इंग्रजी लष्करी संगीताची अवस्था मात्र वाटते तितकी शिस्तीची नव्हती. क्रिमियाच्या युद्धात 1854 साली स्कुतारी येथे राणीच्या वाढदिवसाच्या संचलनात सगळ्या पलटणींचे बँड एकाच वेळी राष्ट्रगीत वाजवू लागले तेव्हा ज्याची त्याची पट्टी निराळी आणि मांडणीही निराळी निघाली, आणि परकीय पाहुण्यांसमक्ष मोठी फजिती झाली. या बोभाट्यानंतर 1857 साली लंडनजवळ नेलर हॉल येथे लष्करी वादकांची शाळा निघाली. तेव्हापासून छापील हिश्श्यांचे एकसारखे संच पलटणीपलटणींत वाढत गेले. कूच करताना वाजवायचा हिस्सा तळहाताएवढ्या पुठ्ठ्यावर छापलेला असे, आणि तो वाद्यावरच बसवलेल्या पितळी चिमट्यात खोचून वादक चालता चालता वाचीत. मठातील एकुलते बाड चौरंगावर, आणि इकडे प्रत्येक शिंगावर स्वतंत्र चिठ्ठी!

1903 साली कंटिंजंटची स्वतंत्र हस्ती संपून तिच्या पलटणी हिंदी फौजेत मिसळल्या आणि जालन्याची छावणी उठली. पलटणीबरोबर तिचा बँड गेला, बँडबरोबर पेट्या गेल्या. सरकारी मालाची गोष्टच अशी की ज्या खात्याच्या यादीत तो चढलेला असतो, ते खाते हलले की मालही हलतो. एका छावणीच्या आयुष्यभर या मातीवर जे सूर रोज सायंकाळी वाजले, त्यांची लिहिलेली अक्षरे येथे कोणाच्या घरची नव्हतीच.

छावणीच्या सावलीत आणखी एक गाणे जालन्यात आले, त्याचा उल्लेख धावता केला तरी पुरे. बाळशास्त्री जांभेकरांनी ज्या श्रीपत शेषाद्रीच्या शुद्धीसाठी 1843-44 च्या सुमारास मुंबईत सनातन्यांचा रोष पत्करला, त्याचा थोरला भाऊ नारायण शेषाद्री हा ख्रिस्ती धर्मातच राहिला आणि पुढे पाद्री होऊन जालन्यास आला. निजामाचा दिवाण सालारजंग याच्याकडून जमीन मिळवून त्याने जवळच बेथेल नावाची वसाहत वसवली. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या गीतसंग्रहांत बहुशः शब्दच छापलेले असतात, आणि गीताच्या माथ्यावर राग, वृत्त किंवा चालीचा निर्देश. सगळे स्वर लिहून ठेवणाऱ्या संस्कृतीकडून आलेला धर्म मराठी कंठात शिरताच त्याने मठाच्या बाडाची रीत उचलली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. गरिबांच्या समुदायाला स्वरलिपीचे पुस्तक छापून देणे परवडत नाही, हे त्याचे एक साधे कारण. दुसरे कारण असे की त्या समुदायाला त्याची गरजही नव्हती.

या दोन्ही कागदांची गाठ कोठे पडली असेल तर ती तंजावरास. जांबेहून निघालेला समर्थसंप्रदाय मराठ्यांच्या मागोमाग कावेरीच्या तीरी पोचला. भीमस्वामींचा मठ तंजावरात, मेरुस्वामींचा मन्नारगुडीस, आणि त्यांबरोबर बाडेही गेली. भोसल्यांचा दरबार मुळातच संगीताचा रसिक होता. शहाजी राजाने मराठी पदे व नाटके रचली, तुळजाजीने 'संगीतसारामृत' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. आणि 1798 मध्ये गादीवर आलेल्या दुसऱ्या सरफोजीने तर या रसिकतेला एक नवेच वळण दिले. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेला, इंग्रजी वाचणारा, शस्त्रक्रियेपासून मुद्रणापर्यंत सगळ्यात लक्ष घालणारा हा राजा; राज्याचा कारभार कंपनीने काढून घेतल्यावर त्याच्या हाती किल्ला आणि फुरसत एवढेच उरले, आणि त्या फुरसतीचे त्याने सोने केले. त्याने पदरी युरोपीय वाद्यांचा बँड ठेवला आणि त्याच्यासाठी युरोपीय स्वरपत्रे जमवली, ती आजही तेथील सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहात मोडी रुमाल आणि ताडपत्रे यांच्या शेजारी नांदत आहेत. मराठी माणसाच्या घरी वाद्यवृंदाच्या स्वरपत्रांचे दप्तर म्हणून दाखवता येईल असे स्थळ आम्हांस तरी याहून जुने माहीत नाही.

परंतु सरफोजीचे खरे मर्म युरोपीय कागद विकत घेण्यात नव्हते. त्याच्या नावावर असलेल्या 'कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस' या ग्रंथात नृत्यासाठी रचलेली मराठी साहित्ये एकाच रागात व तालात क्रमाने गुंफलेली असून स्वर आणि पाटाक्षरे यांसह लेखी उतरवलेली आहेत. म्हणजे ज्या दरबारात बँडचा प्रत्येक हिस्सा लिहिलेला डोळ्यांपुढे होता, तेथे देशी रचनाही चालीच्या नुसत्या निर्देशावर न सोडता स्वरांसकट कागदावर घ्यावी, अशी इच्छा उत्पन्न झाली. तीही देशी सारेगमनेच पुरी झाली, त्यासाठी युरोपीय स्वरलिपीच्या पाच रेघांची गरज पडली नाही. जालन्यात मठ आणि छावणी एकाच जिल्ह्यात राहूनही एकमेकांचा कागद कधी पाहू शकली नाहीत, कारण दोहोंवर प्रेम करणारा धनी तेथे नव्हता.

महाराष्ट्रात हे काम व्हायला शतक उलटावे लागले. 1874 मध्ये पुण्यास बळवंत त्रिंबक सहस्रबुद्ध्यांच्या खटपटीने गायनसमाज निघाला. 1901 मध्ये विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून स्वतःची स्वरलिपी शिष्यांच्या हाती दिली. आणि विष्णु नारायण भातखंडे यांनी उस्तादांच्या पोटात शिरून, प्रसंगी त्यांची मनधरणी करून, शेकडो चिजा 'क्रमिक पुस्तकमालिके'त स्वरबद्ध केल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्रास खाली टिंब आणि तारास वर टिंब, समेस गुणिलेची खूण आणि खालीस शून्य, इतक्या अल्प सामग्रीत त्यांनी ख्यालगायकी कागदावर बसवली. भातखंडे पेशाने वकील. त्याच सुमारास धुळ्यास दुसरे एक वकील, शंकर श्रीकृष्ण ऊर्फ नानासाहेब देव, 1893 साली सत्कार्योत्तेजक सभा स्थापून समर्थांच्या वाङ्मयाच्या मागे लागले होते. खानदेश इंग्रजी अमलात, आणि मठ पुष्कळसे मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. तरी देवांनी तेथवर जाऊन, मठाधिपतींचा विश्वास संपादून, परंड्याजवळच्या डोमगावातील कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत प्रकाशात आणली आणि बाडांमागून बाडे जमवली. ती आज धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात क्रमांक लावून जतन केलेली आहेत. समर्थांनी सांगितलेली बासने, पेट्या आणि कुलपे ही शेवटी एका वकिलाच्या हातून पुरी झाली.

या दोन वकिलांच्या कष्टांपुढे मस्तक नमवूनही एक खंत नोंदवल्यावाचून राहवत नाही. भातखंडे स्वर टिपण्यास निघाले ते राजेरजवाड्यांच्या दरबारी गवयांकडे; मठातील म्हातारा रामदासी जे पद वडिलोपार्जित चालीत म्हणत होता, ते ख्याल-ध्रुपदाच्या तोलाचे नसल्यामुळे त्यांच्या वहीत चढले नाही. देव त्याच रामदाशाच्या दारी गेले, पण ते शब्दांसाठी. पाठभेद त्यांनी डोळ्यांत तेल घालून टिपले, आणि पदाच्या माथ्यावरची चाल हा त्यांच्या लेखी केवळ एक मथळा राहिला. एका वहीत स्वर जमले, दुसऱ्या बासनात शब्द, आणि मराठवाड्यातील मठांचे गाणे दोहोंच्या मधून निसटले. आज धुळ्याच्या संग्रहातील एखादे बाड उघडावे, तर पदावर ज्या प्रसिद्ध पदाची चाल सांगितलेली असते ते पद दुसऱ्या बाडात सापडते, त्यावर तिसऱ्याची चाल, आणि तिसरे कोठेच नाही: पडून गेलेल्या वाड्याचा पत्ता कोणी बिनचूक लिहून द्यावा, तसे हे होते. बाडाची कंजूष लेखनपद्धती किती शहाणी, असे वर आम्ही म्हटले. पण तो शहाणपणा कान शाबूत असेतोवरचा. पलटणीचा कागद येथून निघून गेला तरी जगात कोठे ना कोठे त्याची दुसरी प्रत सापडेल आणि ती वाचून कोणीही तो सूर पुन्हा वाजवील. बाड येथेच आहे, जपलेले आहे, आणि तरीही त्यातील अर्धे मुके आहे.

मात्र अर्धेच. साकी, दिंडी, ओवी, अभंग या मराठी कीर्तनाच्या चाली तंजावरच्या मठांतून तमिळ भागवतांनी उचलल्या, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर कृष्ण भागवतांनी त्या हरिकथेत रुळवल्या, आणि तिकडचे कथेकरी त्या त्याच नावांनी आजही म्हणतात. तेथील गुरु शिष्यास पद देतो ते चाल घोटून घेऊन, मग त्यातला मराठी शब्द त्याला पुरता कळो अथवा न कळो. आणि शब्द न कळणाऱ्याच्या तोंडी चाल पुष्कळदा अधिक निर्मळ टिकते. तेव्हा जांबेच्या पदांचे स्वरलेखन करण्याची हौस ज्यास असेल, त्याने धुळ्याच्या बाडांतून राग, ताल आणि चालींची एक यादी करावी, आणि ती घेऊन मराठवाड्याच्या उत्सवांत जितके हिंडेल तितकेच, किंबहुना काकणभर अधिकच, कावेरीकाठच्या भागवतांच्या ओसरीवर बसावे.